जुना साखळी-ट्रॅक्टर आणि घरची कर्मशाळा

गेल्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातील एक ग्रामकार्यकर्ते मला भेटावयास छत्रपती संभाजीनगरास आले व त्यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. त्यांच्या गावी एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे, लिंबाच्या झाडाखाली, एक जुना साखळीचा ट्रॅक्टर उभा आहे. शेतकऱ्याच्या वडिलांनी तो धरणाचे काम संपल्यावर एका ठेकेदाराकडून विकत घेतला होता. वडील वारले, यंत्र थांबले, आणि गेली वीस-बावीस वर्षे कोंबड्या त्याच्या बैठकीखाली अंडी घालीत आहेत. भंगाराचा व्यापारी वजनावर भाव देऊ करतो. शेतकऱ्याचे मेहुणे म्हणतात, दोन एकर गहाण टाका, यंत्र उभे करा, भाड्याने चालवा, तीन वर्षांत पैसे फिटतील. "शेतकरी माझ्या तोंडाकडे पाहतो," असे ते कार्यकर्ते म्हणाले, "मी त्यास काय सांगू?"

हा प्रश्न एका गावापुरता नाही. आपल्या जिल्ह्यात व शेजारच्या जालना, बीड, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांत अशी यंत्रे अजून अधूनमधून आढळतात. मी स्वतः असे एक यंत्र घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले आहे, त्यात बरेच काही शिकलो आहे व थोडे गमावलेही आहे. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर चार लोकांपुढे लिहून ठेवावे असे वाटले.

माझे मत आरंभीच सांगतो. जुना साखळी-ट्रॅक्टर भंगारात घालू नये. तो घरच्या कर्मशाळेत, आपल्या हाताने, सवडीने उभा करावा. परंतु त्यासाठी जमीन गहाण टाकू नये, आणि भाड्याच्या कमाईची आशा धरून तर मुळीच हात घालू नये. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतील. ती तशी का नाहीत, हे सांगण्यासाठी यंत्राच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

साखळीचा ट्रॅक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्ते व धरणे येतात. प्रत्यक्षात हे यंत्र शेतीच्या गरजेतून जन्मास आले. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती नदीमुखाच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे अवजड ट्रॅक्टर चाकापर्यंत रुतून बसत. बेंजामिन होल्ट ह्या कारखानदाराने चाके काढून त्यांच्या जागी लाकडी पाट्यांचे फिरते पट्टे बसविले व २४ नोव्हेंबर १९०४ रोजी स्टॉकटन येथे त्याची चाचणी घेतली. पुढे १९२५ साली होल्ट व बेस्ट ह्या दोन कंपन्या एक होऊन कॅटरपिलर कंपनी निघाली. यंत्राचा पिवळा रंगही मागाहूनचा आहे. १९३१ च्या अखेरीपर्यंत ही यंत्रे करड्या रंगाची असत. रंगाविषयी पुढे थोडे बोलावयाचे आहे.

आपल्या देशात ह्या यंत्राने केलेले सर्वांत मोठे शेतीचे काम म्हणजे कांस गवताचे निर्मूलन. माळवा, भोपाळ, सागर व बुंदेलखंड ह्या भागांतील काळ्या जमिनी कांसाने व्यापून पडीक झाल्या होत्या. बैलाच्या नांगराने ह्या गवताची मुळे निघत नाहीत. भर उन्हाळ्यात खोल नांगरून मुळे वर आणून वाळवावी लागतात. त्यासाठी भारत सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली. तिचे पहिले ट्रॅक्टर कोठले होते? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने येथेच मागे ठेवलेले, वापरलेले, दुरुस्त करून घेतलेले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने नव्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. भारतास त्या बँकेकडून मिळालेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी ते एक होते. परंतु आरंभ झाला तो जुन्या लोखंडावर. जुने यंत्र म्हणजे निरुपयोगी यंत्र, असे जे आज सर्रास मानले जाते, त्यास हे एक उत्तर आहे.

आपल्या मराठवाड्यात हे यंत्र जास्तकरून धरणाच्या वाटेने परिचयाचे झाले. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते बसविली गेली व १९७६ साली धरण पूर्ण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण. त्या कामावर यंत्र चालविलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांपैकी एक वयोवृद्ध चालक माझे गुरू झाले. आम्ही सर्व त्यांना चाचा म्हणत असू. त्यांची आठवण पुढे येईल.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. माझी चूक आधी सांगितली म्हणजे बाकीचे समजावयास सोपे जाईल.

माझे यंत्र कॅटरपिलरचे डी-२ जातीचे, पन्नाशीच्या दशकातील आहे. ही जात १९३८ पासून १९५७ पर्यंत बनत होती. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, आणि ते फिरविण्यासाठी बाजूस दोन सिलिंडरचे पेट्रोलचे छोटे इंजिन, अशी तिची रचना. यंत्र घरी आणताच मी इंजिनावर तुटून पडलो. हेड उतरविले, स्लीव्ह पाहिल्या, नोझल साफ करवून घेतले, पंप जाणकाराकडून जुळवून आणला. सात महिन्यांनी इंजिन सुरू झाले तेव्हा शेजारच्या आळीतील मुले धावत आली. मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी यंत्र शेडबाहेर काढावे म्हणून गिअर टाकला, आणि वीस पावलांवर डावी साखळी उतरून बाजूस पडली. पिना झिजलेल्या, बुश झिजलेले, स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकडे झालेले. इंजिनावर जेवढा खर्च झाला होता त्याच्या अडीचपट पुढे साखळीवर झाला. आधी साखळी मोजली असती, तर मी हे यंत्र कदाचित घेतलेही नसते.

बैल बाजारात घेताना आपण त्याचे पाय, खूर व चाल आधी पाहतो. साखळीच्या ट्रॅक्टरातही तसेच आहे. त्याच्या दुरुस्तीतील सर्वांत खर्चाचा भाग इंजिन नसून त्याचे पाय, म्हणजे साखळी, रोलर, पुढचे आयडलर चाक आणि मागचे स्प्रॉकेट हे असतात. इंजिन आवाज करते म्हणून ते लक्ष वेधून घेते. साखळी मुकाट्याने झिजते.

साखळी मोजणे कठीण नाही आणि त्यास पैसाही लागत नाही. स्प्रॉकेटच्या दात्यात एक जाड पिन अडकवून साखळी ताठ ओढून घ्यावी. यंत्र बंद असल्यास चेनकप्पीने ओढता येते. मग सलग चार कड्यांची लांबी एका पिनेच्या कडेपासून पाचव्या पिनेच्या त्याच कडेपर्यंत पोलादी टेपने मोजावी. सांध्याची मास्टर पिन ह्या मापात घेऊ नये. हीच मोजणी दोन-तीन ठिकाणी करून यंत्राच्या पुस्तकातील मूळ मापाशी ताडून पाहावी. लांबी वाढलेली आढळली तर लोखंड ताणले गेले असे समजू नये; पिन व बुश एकमेकांवर घासून आतून झिजलेली असतात. ही झीज एकाच बाजूस होते. म्हणून बुश बाहेरून फार पातळ होण्यापूर्वी पिना व बुश काढून अर्धा फेर फिरवून पुन्हा बसविले, म्हणजे न झिजलेली बाजू कामास येते व साखळीस दुसरे आयुष्य मिळते. बुशास तडा गेला असेल किंवा ते आरपार झिजले असेल, तर ही संधी गेली असे समजावे. बुशाची बाहेरची जाडी कॅलिपरने मोजावी आणि रोलर जेथून धावतो त्या कडीच्या पाठीची उंचीही पाहावी.

पिना-बुश फिरविण्याचे काम घरी होत नाही. त्यास शंभर टन किंवा अधिक दाबाचे हायड्रॉलिक प्रेस लागते. घणाने ठोकून हे काम उरकण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे. त्यात पिनही गेली आणि ठोकणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाची कपचीही गेली. मास्टर पिन काढून साखळी जमिनीवर पसरावी, पाट्यांचे बोल्ट सोडवावेत आणि कड्या टेम्पोत घालून कारखान्यात न्याव्यात. एका बाजूस तीसएक पाट्या, दर पाटीस चार बोल्ट. दोन्ही बाजू मिळून अडीचशेच्या आसपास बोल्ट होतात. त्यांतील निम्मे तरी गंजून एकजीव झालेले असतात व गॅसने कापावे लागतात. नवे बोल्ट उच्च ताकदीचेच घ्यावेत. येथे काटकसर केली तर पाटी शेतात निसटते.

आपला जिल्हा ह्या बाबतीत भाग्यवान आहे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून आणि चिकलठाण्याची वसाहत वाढत गेल्यापासून लेथ, मिलिंग, गिअर कापणे, पोलाद कठीण करणे ही कामे करणारे छोटे कारखाने येथे चोहीकडे झाले आहेत. जे सुटे भाग आज कोठेही मिळत नाहीत, ते नमुना दाखविल्यास येथे घडवून मिळतात. जुन्या अमेरिकन यंत्रांस इंची मापाचे पाने लागतात. ते मला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात मिळाले, आणि त्या बाजारातील म्हाताऱ्या दुकानदारांस कोणता पाना कोणत्या बोल्टाचा हे पुस्तक न उघडता सांगता येते.

इंजिन जाम असेल तर घाई करू नये. बहुधा उभ्या धुराड्यातून पावसाचे पाणी आत गेलेले असते. त्यावर पालथा डबा ठेवण्याची दक्षता कोणी घेतलेली नसते. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व पातळ तेल ह्यांचे मिश्रण घालावे व वाट पाहावी. आठवडे लागतात. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून, गिअरमध्ये टाकून, इंजिन सोडविण्याचा उपाय गावातील उत्साही मंडळी हमखास सुचवितात. त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टन फुटतो व पुढे दुरुस्तीसारखे काही उरत नाही. वळण्याचे दोन क्लचही असेच गंजून चिकटलेले असतात. तेथेही पहारीपेक्षा धीर उपयोगी पडतो. रेडिएटरात आपल्याकडील विहिरीचे जड पाणी घातल्यास आत क्षार साचतो. पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल ओढून घेते, व छोट्या इंजिनाच्या जुन्या रबरास आणि बुचास मानवत नाही. म्हणून काम होताच कार्ब्युरेटर रिकामा करावा.

रंग सर्वांत शेवटी द्यावा. आपल्याकडे नेमके उलटे होते. यंत्र घरी येते, दसऱ्याला त्यास पिवळा रंग व हार, आणि दिवाळीपर्यंत उत्साह संपलेला असतो. ताज्या रंगाखाली तडा दिसत नाही, तेलाची गळती दिसत नाही. विकत घेताना ताजा रंग दिसल्यास मी तर दोन पावले मागे सरतो.

आता ज्याने माणूस दगावू शकतो त्याविषयी. घरच्या कर्मशाळेत कोणी देखरेख करीत नाही, म्हणून हे स्पष्ट लिहिणे मी आपले कर्तव्य समजतो. पुढच्या आयडलर चाकामागे एक जाड स्प्रिंग असते. दगड साखळीत अडकला तर धक्का सोसणे हे तिचे काम. ती बसवितानाच कित्येक टनांच्या दाबाने आवळलेली असते. तिचा मधला बोल्ट घरी सोडवू नये. एके दुपारी मी त्यास पाना लावला होता. चाचा ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी कप टाकला आणि माझे मनगट धरले. धरणावर अशी स्प्रिंग सुटलेली त्यांनी पाहिली होती. काय पाहिले ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. ती स्प्रिंग मी पुढे तशीच सबंध कारखान्यात नेली व साच्यात धरून उघडविली.

जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते. तेथील धूळ हवेच्या नळीने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पुरून टाकावे. ती धूळ फुप्फुसात राहते व तिचा रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. जॅकवर उचललेल्या यंत्राखाली लाकडी ओंडक्यांचा आधार दिल्याखेरीज कोणी शिरू नये. छोटे इंजिन दोरीने सुरू करताना दोरीचा वेढा हातास कधी घेऊ नये, कारण इंजिन उलट झटका देते. साखळी फार ताणू नये. आयडलर व वरचा रोलर ह्यांच्या मधोमध ती एक ते दीड इंच लोंबलेली असावी. ताठ साखळी डोळ्यांस बरी दिसते, पण लवकर झिजते.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी म्हणेल. पैसा हे त्याचे उत्तर नाही. भाड्याचा हिशेब करून पाहा. हे यंत्र डांबरी रस्त्यावर चालवीत नेता येत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेतापर्यंत ट्रेलरचे भाडे पडते. हंगामात रोलर फुटला तर तो बाजारात तयार मिळत नाही, घडवून आणावा लागतो, आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. सपाटीकरण असो की शेततळे, आजचे पोकलेन तेच काम कमी तासांत करते. मेहुण्यांनी ज्या तीन वर्षांची गोष्ट केली, त्या तीन वर्षांत कर्जाचे व्याज तेवढे नियमाने वाढत जाईल. दोन एकर काळी जमीन एका सत्तर वर्षांच्या लोखंडापायी पणाला लावण्याचा सल्ला जो कोणी देतो, त्याने आपली जमीन आधी गहाण टाकून दाखवावी.

तरीही यंत्र ठेवावे असे मी म्हणतो, त्याचे पहिले कारण मातीतच आहे. माझे यंत्र सव्वातीन टनांच्या आसपास भरते. त्याच्या प्रत्येक साखळीची सुमारे १४५ सेंटिमीटर लांबी जमिनीस टेकते आणि पाटीची रुंदी ३० सेंटिमीटर आहे. दोन्ही साखळ्या मिळून ८,७०० चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला भार पडतो पावणेचारशे ग्रॅमच्या आत. चाकाच्या ट्रॅक्टरच्या मागील टायरखाली हा दाब टायरमधील हवेच्या दाबाइतका, म्हणजे साधारण एक किलोच्या आसपास असतो. बैलाच्या खुराखाली तो त्याहूनही अधिक भरतो, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. आपल्या काळ्या जमिनी ओल्या असता चाकाखाली दाबल्या जातात आणि नांगराच्या तासाखाली कठीण थर बनतो. कपाशीचे सोटमूळ त्या थरावर आडवे वळते. उपटलेले झाड हातात घेऊन हे कोणासही पाहता येईल. साखळीचे यंत्र ह्या बाबतीत हलक्या पावलाचे आहे. अर्थात पावणेचारशे ग्रॅम ही सरासरी झाली. रोलरच्या नेमके खाली दाब अधिक असतो, आणि जागच्या जागी वळताना साखळी वरची माती खरवडून काढते. म्हणून वाफसा नसताना हेही यंत्र शेतात घालू नये, आणि वळण शेताबाहेर किंवा मोठ्या फेऱ्याने घ्यावे.

खोल नांगरटीविषयीही सावध राहावयास हवे. कुंदा व हराळी माजलेल्या पट्ट्यात उन्हाळी खोल नांगरट उपयोगाची आहे. परंतु यंत्र दाराशी आहे म्हणून दरसाल सारे शेत खोल नांगरणे हा अपव्यय आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून स्वतःची बरीच मशागत स्वतः करीत असते. घरचे यंत्र बाभळीची खोडे उपटण्यास, बांधाकडेचा चढउतार मोडण्यास, शेततळ्यातील वाळलेला गाळ लोटण्यास वर्षातून पंधरा दिवस लागले तरी पुरे.

दुसरे कारण मला पहिल्याहून मोठे वाटते. आज प्रत्येक तालुक्यात पोकलेन फिरताना दिसतात. त्यांचे इंजिन, त्यांची हायड्रॉलिक व विजेची व्यवस्था नवी आहे; पण पाय तेच आहेत. तीच कडी, तीच पिन, तोच बुश, तसाच रोलर, आयडलर व स्प्रॉकेट. झीज मोजण्याची रीत तीच आणि बुश फिरविण्याची युक्तीही बहुतेक तीच. जो मुलगा आपल्या गोठ्यामागील जुन्या यंत्राची साखळी स्वतः उतरवून, मोजून, पुन्हा चढवितो, तो पोकलेनजवळ परका राहत नाही. आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारे पुष्कळ मुलगे गावाकडे असतात. सुट्टीत त्यांच्या हाती पाना देण्यासारखे यंत्र घरी नसते, आणि दुसऱ्याच्या चालत्या यंत्रास कोणी हात लावू देत नाही. बंद पडलेला ट्रॅक्टर त्यांच्यासाठी शाळा होऊ शकतो. ज्यांना पुढे रीतसर शिक्षण हवे, त्यांनी मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून निघालेल्या केंद्रीय संस्थेची चौकशी करावी. परभणीच्या कृषि विद्यापीठातही कृषि अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे.

आणि तिसरी गोष्ट चाचांची. पहिल्यांदा मी यंत्र शेतात चालविले तेव्हा नाल्याच्या उतारावर ते माझ्या शेजारी पाटीवर उभे होते. डावीकडे वळावयाचे म्हणून मी सवयीने डावा क्लच ओढला. यंत्र उजवीकडे, नाल्याच्या कडेकडे वळू लागले. चाचांनी डाव्या ब्रेकवर पाय दिला. मग खाली उतरून त्यांनी धुळीत दोन रेघा काढून मला समजावून सांगितले. सपाटीवर इंजिन साखळीस ओढते, म्हणून डावा क्लच सोडविला की डावी बाजू मागे पडते व यंत्र डावीकडे वळते. उतारावर यंत्र स्वतःच्या वजनाने घसरत असते आणि इंजिन त्यास धरून ठेवते. तेव्हा डावा क्लच सोडविला की डावी साखळी मोकळी होऊन पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे फिरते. म्हणून उतारावर क्लचबरोबर ब्रेक हवाच, नाहीतर उलटा क्लच ओढावा. चाचांनी हे कोठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. धरणाच्या भरावावर पहिल्याच महिन्यात ते त्यांना कळले होते.

चाचा आता नाहीत. त्यांच्यासारखे चालक तुमच्या गावात असतील तर त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. ग्रामकार्यकर्त्यांस माझी विनंती आहे की, गावात जुने यंत्र दिसले तर ते कोणी चालविले होते ह्याची चौकशी करावी, आणि त्या माणसास यंत्रापाशी खुर्ची टाकून बसवावे. दुरुस्ती करणारे तरुण असतील, पाना त्यांच्याच हाती असेल, पण कोठला बोल्ट सोडावयाचा नाही हे त्यास ठाऊक असते.

पैठण तालुक्यातील त्या कार्यकर्त्यांस मी हेच सांगितले व पोलादी टेप आणि कॅलिपर बरोबर दिले. चार दिवसांनी मापे आली. साखळीची लांबी बरीच वाढलेली होती, परंतु बुश शाबूत होते. फिरविता येतील असे होते. एक रोलर मात्र पूर्ण गेलेला. मी कळविले की, ह्या यंत्रात जीव आहे, पण जमीन गहाण टाकण्याइतका नाही. दरसाल कपाशीच्या पैशातून जेवढे निघेल तेवढेच त्यावर घालावे. मेहुणे रागावले असे ऐकतो. भंगाराचा व्यापारी दोनदा येऊन गेला.

शेतकऱ्याचा धाकटा मुलगा आय.टी.आय.मध्ये आहे. त्याने व त्याच्या दोन मित्रांनी दिवाळीच्या सुट्टीत छोटे पेट्रोल इंजिन उतरवून पडवीत मांडले. मॅग्नेटोची टोके घासली आणि त्यातून ठिणगी पडली, तेव्हा घरातील सर्व मंडळी पाहावयास जमली होती. साखळी काढण्याचे काम उन्हाळ्यावर ठेवले आहे. मुख्य इंजिन जाम आहे. सिलिंडरांत तेल घालून ठेवले असून दर रविवारी तो मुलगा फ्लायव्हीलला पहार लावून, बेताने जोर देऊन पाहतो. गेल्या आठवड्यात ते बोटभर फिरले, असा निरोप आला आहे.